गुऱ्हाळाच्या जळणावर संशोधन अनुदान मागायचं आहे, प्रस्ताव कसा लिहावा?

उद्यमबाग_फॅब

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. प्रोप्रायटरी, उद्यम नोंदणी सूक्ष्म वर्गातली, कामगार अकरा. चिक्कोडी, रायबाग, मुडलगी, निपाणी या पट्ट्यातल्या गुऱ्हाळांना काहिली (रस आटवायच्या मोठ्या कढया) आणि चरकाचे सुटे भाग पुरवतो. आता चुलवाणात (काहिलीखालच्या चुलीत) चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा) आपोआप घालणारा फीडर आणि काहिलीतल्या रसाचं तापमान बघून जाळ कमीजास्त करणारं पॅनेल बनवायचा विचार आहे. कागदावर डिझाइन तयार आहे, फीडरचा एक कच्चा नमुनाही शेडमध्ये चालतो. खर्च साधारण २५ लाख येईल, एवढे स्वतःचे घालणं शक्य नाही.

केंद्र किंवा राज्य सरकारच्या संशोधन अनुदानासाठी प्रस्ताव लिहायला घेतलाय. सुरुवात अशी केली आहे (मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देतो):

"गूळ उद्योग हा भारतातील एक प्राचीन व महत्त्वाचा ग्रामीण उद्योग आहे. आमची कंपनी अत्याधुनिक, पूर्ण स्वयंचलित, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित गूळ निर्मिती यंत्रणा विकसित करणार असून तिच्यामुळे इंधनाची प्रचंड बचत होईल, गुळाचा दर्जा सुधारेल व शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढेल."

हे बरोबर आहे का? कोणत्या योजनेला जावं, बजेट कसं मांडावं, आणि तपासणारे नेमकं काय बघतात? जाणकारांनी स्पष्ट सांगावं, राग येणार नाही.

---

चिमणीचा_धूर

राग येणार नाही म्हणालात, मग सांगतो की. हा उतारा सगळाच काढून टाका. गूळ उद्योग प्राचीन आहे हे तपासणाऱ्याला माहीत असतं. "प्रचंड", "अत्याधुनिक" या शब्दांना गुण नाहीत. "कृत्रिम बुद्धिमत्ता" लिहिलंत की समितीतला एकजण हमखास विचारणार: डेटा किती, मॉडेल कोणतं, तुमच्याकडे ते करणारा कोण? दोन सेन्सर आणि पीएलसीवर (यंत्र चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकावर) चालणाऱ्या नियंत्रणाला ते नाव देऊच नका.

मूळ अडचण वेगळी आहे. तुम्ही यंत्राचं वर्णन केलंय. संशोधन अनुदान यंत्र बनवायला मिळत नाही, आज कुणालाच ठाऊक नसलेली एखादी गोष्ट शोधून काढायला मिळतं. फीडर आणि पॅनेल बाजारातले भाग जोडून होत असेल तर तपासणारा शेरा मारतो: "हे अभियांत्रिकी काम आहे, बँकेकडून कर्ज घ्या." आणि तो शेरा बरोबर असतो.

मग तुमच्या कामात न सुटलेलं काय आहे? माझ्या मते तीन गोष्टी आहेत.

एक, गूळ उतरवायची वेळ. पुस्तकात ढेपेच्या गुळासाठी ११८ अंश सेल्सिअसच्या आसपासचा आकडा असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथे साधं पाणीच साडेसत्त्याण्णव अंशांना उकळतं. म्हणजे तो आकडा समुद्रसपाटीचा असेल तर इथे दोन-अडीच अंश खाली सरकतो. त्यात पुन्हा ऊस लागणीचा की खोडव्याचा, तोडून किती तास झाले, यावर रसातली अपचायक साखर (ग्लुकोज, फ्रुक्टोज) बदलते आणि तिच्याबरोबर उकळबिंदूही. शिवाय अपचायक साखर जास्त असली तर तापमान गाठूनसुद्धा ढेप मऊ राहते. म्हणून ठरावीक आकड्यावर पॅनेल लावलं की एका आधणाला (एकदा काहील भरून केलेल्या गुळाला) जमतं, दुसऱ्याला गूळ पातळ राहतो नाहीतर करपतो. गुळव्या (गूळ करणारा कारागीर) हे हाताने, गोळी करून ओळखतो. ते मोजमापात कसं आणायचं, हा खरा संशोधनाचा प्रश्न.

दोन, सेन्सर. काहिलीच्या बुडाला लावलेला पीटी-१०० (तापमान मोजणारा सेन्सर) रसाचं तापमान दाखवत नाही, तापलेल्या पत्र्याचं दाखवतो. वरून टांगला तर मळी आणि क्षार बसून प्रतिसाद मंदावतो, आणि नेमका शेवटच्या टप्प्यात, जिथे काही सेकंदांना किंमत असते. नळी कोणती, कुठे, किती खोल, किती आधणांनी धुवायची, हे तुम्हाला चाचणी करून ठरवावं लागेल.

तीन, चुलवाणाचं वजन. विटा-मातीचं बांधकाम उष्णता धरून ठेवतं. फीडर थांबवला तरी काहील लगेच थंड होत नाही. साधा चालू-बंद नियंत्रक इथे ठरल्या तापमानाच्या हमखास पुढे जातो. किती आधी जाळ तोडायचा हे चुलवाणागणिक वेगळं असतं.

हे तीन प्रश्न पहिल्याच पानावर आले तर प्रस्ताव संशोधनाचा होतो. यंत्र नंतर येऊ द्या.

आता "इंधनाची बचत". इथे हिशोब दाखवा, पाच ओळींत बसतो. रस १८ ब्रिक्स (म्हणजे १८ टक्के विरघळलेले घन पदार्थ) आणि गुळात ५ टक्के ओलावा धरला तर एक किलो गुळाला ०.९५ भागिले ०.१८, म्हणजे ५.२८ किलो रस लागतो. त्यातून ४.२८ किलो पाणी उडवायचं. दर किलोला २२५७ किलोज्यूल धरून ९.६६ मेगाज्यूल, आणि रस ३० अंशांवरून उकळीपर्यंत आणायला साधारण १.४. एकूण ११ मेगाज्यूल. वाळलेल्या चिपाडाची उष्णता किलोला १५ मेगाज्यूल धरली तर आदर्श गरज पाऊण किलोची. समजा तुमच्या मोजणीत किलो गुळाला २.५ किलो चिपाड आलं, तर कार्यक्षमता सुमारे ३० टक्के.

इथे बहुतेकजण फसतात: चिपाड गुऱ्हाळाचं स्वतःचंच असतं, ते वाचवून मालकाला काय मिळणार? तपासणारा हे विचारतोच. उत्तर हिशोबातच आहे. एक टन उसाला ६०० किलो रस निघाला तर ४०० किलो ओलं चिपाड राहतं. त्यात निम्मं पाणी. १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवल्यावर सव्वादोनशे किलोच्या जवळपास उरतं. मळीत थोडं जाऊन गूळ होतो ११२ किलो, त्याला २.५ च्या हिशोबाने २८० किलो जळण लागतं. म्हणजे टनामागे पन्नास-पंचावन्न किलोची तूट, ती लाकूड, पाचट, कधी कधी नको ते जाळून भरून काढतात. हाच आकडा २.० वर आणलात तर २२४ किलो लागतं, घरचं चिपाड पुरतं. तुमचं लक्ष्य इथून ठरतं: "२० टक्के बचत" हा हवेतला आकडा राहत नाही, "विकतचं सरपण बंद" असं त्याचं रूप होतं.

वरचे आकडे मी गृहीत धरलेत. प्रस्तावात स्वतः मोजलेले घाला. किमान तीन गुऱ्हाळं, प्रत्येकी दहा आधणं. दर आधणाला रसाचं वजन, ब्रिक्स, सामू, चिपाडाचं वजन आणि ओलावा, धुराचं तापमान, लागलेला वेळ, गुळाचं वजन. चिपाडाचा ओलावा न मोजता काढलेला खपाचा आकडा निरुपयोगी आहे, कारण ताजं आणि आठवडाभर वाळलेलं चिपाड यांत दुपटीचा फरक पडतो. दर वेळी दोनशे ग्रॅमचा नमुना घ्या, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, एवढंच.

पूर्वीचं काम लपवू नका. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने दोन आणि तीन काहिलींची सुधारित चुलवाणं केली आहेत. समितीतल्या लोकांना ती माहीत असतात. "असं काम आजवर कुणी केलेलं नाही" हे वाक्य दिसलं की विश्वास उडतो. त्यापेक्षा तुलना लिहा: तीन काहिलींच्या चुलवाणाला जागा आणि नवं बांधकाम लागतं, आमचा फीडर आहे त्या एका काहिलीच्या चुलवाणाला बसेल. हा फरक छोटा वाटला तरी खरा आहे, आणि तेवढा पुरतो.

तुमचा उतारा मी असा करीन:

"बेळगाव जिल्ह्यातील एका काहिलीच्या गुऱ्हाळांत किलो गुळाला सरासरी अमुक किलो वाळलेले चिपाड जळते (तीन गुऱ्हाळे, ३० आधणे). उपलब्ध चिपाड पुरत नसल्याने बाहेरचे जळण घ्यावे लागते. कारण: हाताने, खंडित जळण घातल्याने चुलवाणात जादा हवा शिरते, आणि गूळ उतरवण्याचा क्षण मोजण्याची पद्धत नसल्याने शेवटच्या टप्प्यात जाळ आवरता येत नाही. हा प्रकल्प सलग जळण-पुरवठा व रसाच्या शुद्धतेनुसार बदलणारा उतरण-बिंदू यांची एकत्रित चाचणी करेल. यशाचा निकष: २० सलग आधणांत किलोला २.० किलो किंवा कमी चिपाड, आणि त्यांतल्या १८ आधणांत गुळव्याच्या निर्णयाशी एका मिनिटाच्या आत जुळणारा निकाल."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. अयशस्वी ठरू शकेल असा निकष लिहिला की तपासणारा गंभीरपणे वाचायला लागतो.

---

निपाणी_नाका

योजनांबद्दल थोडक्यात. कॉल उघडला (अर्ज मागवले) की त्या वर्षीची मार्गदर्शिका उतरवून घ्या, रकमा आणि अटी तिथल्याच धराव्यात.

तुमच्यासाठी पहिली डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) प्रिझम. व्यक्ती, स्टार्टअप आणि सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग, तिघांनाही खुली. पहिल्या टप्प्यात दोन प्रकार, कमाल २ लाख आणि कमाल २० लाख. दुसऱ्या टप्प्यात ५० लाखांपर्यंत. तुमचं काम पहिल्या टप्प्याच्या दुसऱ्या प्रकारात बसतं.

दुसरी एमएसएमई मंत्रालयाची इनोव्हेटिव्ह योजना, मार्च २०२२ पासूनची. इन्क्युबेशन भागात एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत, पण अर्ज यजमान संस्थेमार्फत जातो, थेट नाही. तेव्हा आधी जवळचं यजमान कॉलेज शोधा. तिसरी डीएसटीची (केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची) निधी-प्रयास, हार्डवेअर नमुन्याला १० लाखांपर्यंत, तीही मान्यताप्राप्त केंद्रामार्फत. शेती-प्रक्रियेच्या अंगाने गेलात तर धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठातल्या इन्क्युबेटरकडेही विचारा.

कर्नाटक सरकारचं एलिव्हेट ५० लाखांपर्यंत देतं. पण ते स्टार्टअपसाठी, आणि प्रोप्रायटरी फर्मला स्टार्टअप म्हणून मान्यता मिळत नाही. एलएलपी, नोंदणीकृत भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड हवी. चालू धंदा मोडून फक्त नाव बदललेली नवी कंपनी काढली तर तीही "जुन्या व्यवसायाची पुनर्रचना" म्हणून अडकते. त्यामागे लागू नका.

बायरॅकच्या (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान उद्योग सहाय्य परिषदेच्या) बिग अनुदानावर ५० लाख दिसतात म्हणून लोक धावतात. ते जैवतंत्रज्ञानासाठी आहे. जळणाच्या फीडरला तिथे जागा नाही. टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड देतं ते कर्ज, प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत, ५ टक्के सरळ व्याजाने. नमुना सिद्ध होऊन उत्पादन काढायची वेळ आली की मग तिकडे बघा.

एकाच खर्चाला दोन योजनांतून पैसे घेता येत नाहीत. दोन ठिकाणी अर्ज करायला हरकत नाही, पण दोन्हीकडे तसं जाहीर करा. लपवलेलं नंतर सापडलं तर रक्कम व्याजासकट परत.

सीमाभागाची एक गोष्ट. ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना, जागेचा उतारा कन्नडमध्ये असतो. दिल्लीच्या योजनेला जोडताना इंग्रजी भाषांतर नोटरी करून सोबत लावा. आणि केंद्राच्या योजनेत चाचणी कोल्हापूरला करून घेतली म्हणून काही बिघडत नाही. तिथलं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र गुळाच्या तपासणीसाठी चांगलंच आहे. पण राज्याच्या योजनेत खर्च राज्याबाहेर गेला तर प्रश्न येतो. तिथे बेळगावची एस. निजलिंगप्पा साखर संस्था किंवा संकेश्वरचं कृषी संशोधन केंद्र लिहा.

---

जमाखर्च_टिळकवाडी

बजेटचं बघू. वरच्या साहेबांनी तांत्रिक भाग नीट सांगितलाय. पण तांत्रिक बाजूने पास झालेले प्रस्तावसुद्धा पुढे जमाखर्चात मार खातात, आणि त्याचं मूळ अर्जाच्या वेळच्या तक्त्यात असतं.

२५ लाखांची एक मांडणी (लाखांत): प्रायोगिक चुलवाण आणि काहील ४.२०, फीडर ३.००, सेन्सर, पीएलसी, पॅनेल ३.२०, चाचणीचा ऊस १.३२, लॅब तपासणी १.५०, धूर-विश्लेषक आणि इतर उपकरणांचं भाडं ०.८४, एक इंजिनिअर दरमहा ३०,००० ने १८ महिने ५.४०, एक तंत्रज्ञ १८,००० ने ३.२४, प्रवास ०.७०, पेटंट ०.६०, किरकोळ १.००. यात अनुदान २० आणि स्वतःचे ५. मनुष्यबळाला किती टक्के चालतात याची मर्यादा मार्गदर्शिकेत असते, ती ओलांडत असेल तर तंत्रज्ञ स्वतःच्या हिश्श्यात टाका.

"चाचणीचा ऊस" बघून हसू नका. एका आधणाला दोन टन ऊस, २० आधणं म्हणजे ४० टन, टनाला ३,३०० धरले तर १.३२ लाख. पॅनेल चुकलं तर गूळ करपणार, आणि गुऱ्हाळात ऊस बहुधा शेतकऱ्याचा असतो. त्याची भरपाई कोण देणार? हे बजेटमध्ये नसेल तर गुऱ्हाळमालक दुसऱ्या आधणालाच दार बंद करील. तपासणाऱ्यालाही त्यावरून कळतं की या माणसाने जमिनीवर विचार केलाय.

जीएसटी. तुम्ही जीएसटी भरता आणि इनपुट क्रेडिट घेता. मग बजेटमध्ये किमती जीएसटी वगळून लिहा. क्रेडिटही घेतलं आणि अनुदानातही तो १८ टक्के दाखवला, तर तो दुहेरी लाभ होतो आणि ऑडिटमध्ये तेवढी रक्कम कापली जाते. क्रेडिट मिळत नसलेल्या खर्चावर मात्र तो धरा आणि तळटीप द्या.

पन्नास हजारांवरच्या प्रत्येक वस्तूला तीन कोटेशन्स जोडा, अटीत नसलं तरी. तिन्ही कोटेशन्सचे शब्द, अगदी चुकासुद्धा, सारख्याच असतील तर ती एकाच टेबलावर टाइप झालीत हे लगेच दिसतं. फीडर तुम्ही स्वतःच्याच शेडमध्ये बनवणार. तिथे स्वतःच्या फर्मचं नफ्यासह बिल लावता येत नाही. पोलाद, मोटर, गिअरबॉक्स, बेअरिंग असे सुटे भाग वेगवेगळे दाखवा. "फीडर, नग १, रु. ३,००,०००" अशी एका ओळीची नोंद सरळ परत येते.

जमीन, इमारत, शेडचं छप्पर, खेळतं भांडवल, कर्जाचे हप्ते, यांना संशोधन अनुदानात जागा नसते. चुलवाण हे "बांधकाम" म्हणून दाखवू नका, "प्रायोगिक भट्टी" म्हणून दाखवा, विटा, अग्निरोधक माती आणि जाळीच्या यादीसकट. आणि ते खरंच प्रायोगिक हवं. धंद्यासाठी चालवलेलं गुऱ्हाळ तिथे दिसलं तर गोंधळ होईल.

मंजुरीपत्राच्या तारखेआधीचं बिल चालत नाही. तुमच्या कच्च्या नमुन्यावर झालेला खर्च "स्वतःचा हिस्सा" म्हणून धरता येणार नाही. पूर्वतयारी म्हणून मजकुरात सांगा, रक्कम तक्त्यात आणू नका.

पैसे एकदम येत नाहीत. हप्ते टप्प्यांना बांधलेले असतात, आणि आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. शेवटचा हप्ता तर बहुधा काम संपल्यावर, खर्च आधी खिशातून केल्यावर येतो. त्यामुळे स्वतःचे ५ लाख सोडून आणखी तीन-चार लाख फिरवायची सोय हवी. प्रस्तावात हे एका वाक्यात लिहा, बँकेच्या मर्यादेचं पत्र जोडा. खातं वेगळं उघडा. काही योजना बँकेचा हक्क न राहणारं खातं मागतात, म्हणजे तुमच्या कॅश क्रेडिटच्या थकबाकीपोटी बँक त्यातून वळतं करू शकत नाही. शाखेला हे पत्र काढायला वेळ लागतो, मंजुरी आली की त्याच आठवड्यात मागे लागा.

त्या खात्यावर जमलेलं व्याज तुमचं नाही, ते सरकारला परत जातं. उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-अ नमुन्यात असतं, सीएच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन (त्या कागदाचा ओळख क्रमांक) लागतो. एका शीर्षातले पैसे दुसऱ्यात वळवायचे तर आधी लेखी परवानगी. बिल करून मग विचारलंत तर उत्तर नाहीच. अनुदानातून घेतलेल्या वस्तूंची वेगळी मालमत्ता नोंदवही ठेवा, परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत.

पगार बँकेतूनच द्या. घरातल्या कुणाचं नाव इंजिनिअर म्हणून लावायचा मोह बहुतेकांना होतो. पात्रता असली तरी टाळा.

---

उद्यमबाग_फॅब

बापरे, एवढं कुणी समोर बसून सांगत नाही. आभार सगळ्यांचे. अजून दोन शंका. एक, पेटंट आधी करावं की अनुदान आल्यावर? दुसरी, माझा डिप्लोमा आहे, पीएचडी वगैरे कुणी नाही. "प्रकल्प चमू"च्या पानावर काय लिहू?

---

कलम_तीन

पेटंटचं आधी. प्रोव्हिजनल (तात्पुरता, प्राथमिक) अर्ज प्रस्ताव पाठवायच्या आधी टाका. ऑनलाइन फी लघु घटकाला १,६०० रुपये आहे, फॉर्म २८ सोबत उद्यम प्रमाणपत्र जोडायचं. मोठ्या कंपनीला तीच ८,०००. तिथून १२ महिन्यांत पूर्ण तपशील भरावा लागतो, नाहीतर अर्ज सोडून दिल्यासारखा होतो. त्या आधी एखाद्या गुऱ्हाळात गावकऱ्यांसमोर यंत्र चालवून दाखवू नका, यूट्यूबवरही टाकू नका. सार्वजनिक वापर झाला की नावीन्य जातं. गुऱ्हाळमालकाशी साधा गुप्ततेचा करार करा, एक पान पुरतं.

पण काय लिहिताय ते बघा. पेटंट कायद्याच्या कलम ३(एफ) नुसार माहीत असलेली साधनं नुसती शेजारी शेजारी मांडून प्रत्येक आपापलं काम करत असेल तर तो शोध धरला जात नाही. "फीडर + तापमान सेन्सर + पीएलसी" म्हणजे अगदी तेच. ३(के) मध्ये नुसता अल्गोरिदमही बाद. तुमच्याकडे टिकणारी गोष्ट ही: रसाच्या शुद्धतेवरून उतरण-बिंदू (गूळ उतरवायचं तापमान) सरकतो, आणि चुलवाणाची साठलेली उष्णता धरून फीडर त्याआधी ठरावीक वेळ थांबतो. या दोन्हींच्या परस्पर क्रियेतून जो परिणाम मिळतो त्यावर दावा लिहा. मळी न धरणारी सेन्सरची नळी जमली तर तिचा स्वतंत्र दावा.

शोध आधी करा. भारतीय पेटंट कार्यालयाचं इनपास, युरोपचं एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स, तिन्ही फुकट. "जॅगरी" एवढंच टाकून थांबू नका. साखर पॅन, मेपल सिरप, मीठ बाष्पीभवन, बगॅस फीडर हेही शोधा. मेपल सिरपवाल्यांनी उकळबिंदूवरून घट्टपणा ओळखायचं बरंच काम केलंय, आणि हवेचा दाब बदलला की त्यांचाही आकडा हलतो. जवळची चार-पाच पेटंटं घेऊन आपलं त्यांच्याहून कुठे वेगळं, हे अर्ध्या पानात लिहा.

चमू. डिप्लोमा लपवू नका, पण पानभर स्वतःचं कौतुकही नको. आजवर किती काहिली पुरवल्या, किती गुऱ्हाळांत, कोणती यंत्रं शेडमध्ये आहेत, सीएनसी कटिंग घरात की बाहेर, हे लिहा. "हा माणूस बनवू शकतो" एवढं त्यातून दिसायला हवं. "हा माणूस मोजू शकतो" हे दाखवायला सह-अन्वेषक घ्या. गोगटे इन्स्टिट्यूट तुमच्या शेजारीच, व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) मच्छेला. मेकॅनिकलमध्ये उष्णता-वहन शिकवणारा आणि कंट्रोल्स शिकवणारा, असे दोघे मिळाले तर उत्तम.

त्यांच्याकडून मिळणारं पत्र बहुधा असं असतं: "प्रकल्पास आमचा पूर्ण पाठिंबा आहे." ते कुचकामी. पत्रात हवं: कोण व्यक्ती, महिन्याला किती तास, कोणतं उपकरण किती दिवस, मोबदला किती, आणि बौद्धिक संपदा कोणाची. हा शेवटचा मुद्दा आत्ताच मिटवा. मंजुरीनंतर कॉलेजचं कार्यालय निम्मा हक्क मागू लागलं तर करार अडकतो आणि पहिला हप्ताही. गुऱ्हाळमालकाच्या पत्रातही तसंच: किती आधणं, कोणत्या महिन्यांत, करपलेल्या गुळाचे पैसे कोण देणार. मराठीत किंवा कन्नडमध्ये सही केलेलं पत्र आणि खाली इंग्रजी भाषांतर चालतं. उलट ते जास्त खरं वाटतं. भारी इंग्रजीतलं पत्र आणि खाली अंगठा, हे बघून कुणाचाही विश्वास बसत नाही.

सादरीकरणाला बोलावलं तर तिसऱ्या स्लाइडपर्यंत मोजलेल्या ३० आधणांचा तक्ता आला पाहिजे. कंपनीची ओळख, प्रमाणपत्रं, मंत्र्यांसोबतचे फोटो यांत वेळ घालवू नका, मध्येच थांबवतात.

---

निपाणी_नाका

कलम_तीन यांच्या एका गोष्टीशी थोडा असहमत. प्रोव्हिजनल प्रस्तावाआधी टाकायलाच हवा असं नाही. तपासणारे गुप्ततेला बांधलेले असतात. घाईत टाकलेल्या दोन पानी प्रोव्हिजनलमध्ये सेन्सरच्या नळीचा तपशीलच नसेल, तर पुढे त्या भागाला जुनी तारीख मिळत नाही आणि बारा महिन्यांचं घड्याळ मात्र सुरू होतं. निर्णय यायला सहा-आठ महिने सहज जातात. तेवढ्यात निम्मी मुदत संपते.

---

कलम_तीन

मुद्दा मान्य, पण यांना मोजणीसाठी तीन गुऱ्हाळांत जायचंय. तिथे फक्त आहे त्या पद्धतीचं मोजमाप करणार असतील तर थांबायला हरकत नाही. फीडर नेणार असतील तर आधी अर्ज.

---

चिमणीचा_धूर

फीडर नेऊच नका, आधी नुसतं मोजा. आणि त्यावरून एक राहिलेली गोष्ट: वेळापत्रक.

ऑफिसात बसून केलेल्या तक्त्यात तीन-तीन महिन्यांचे सहा सारखे टप्पे असतात. गुऱ्हाळ तसं चालत नाही. आपल्याकडे दसरा-दिवाळीनंतर पेटतं, मार्चच्या आसपास आवरतं. पावसाळ्यात ना ऊस, ना वाळलेलं चिपाड. १८ महिन्यांचा प्रकल्प ऑक्टोबरला सुरू झाला तर दोन हंगाम मिळतात: पहिला मोजणीला, एप्रिल ते सप्टेंबर बांधणीला, दुसरा चाचणीला. तोच एप्रिलमध्ये सुरू झाला तर एकच हंगाम मिळतो, सातव्या ते बाराव्या महिन्यात, आणि काही चुकलं तर दुरुस्त करून परत बघायला आधणच नाही. मंजुरी कधी येईल हे आपल्या हातात नसतं. म्हणून टप्प्यांना महिन्यांचे नुसते आकडे देऊ नका, "हंगाम १", "हंगामाबाहेर", "हंगाम २" असं लिहा आणि दोन्ही शक्यतांचा तक्ता द्या. एप्रिलच्या सुरुवातीसाठी उपाय एकच: मूळ मोजणी येत्या हंगामात स्वतःच्या खर्चाने उरकून ठेवायची. खर्च तसा फार नाही. वजनकाटा, रिफ्रॅक्टोमीटर, थर्मोकपल, आणि ओव्हन कॉलेजचा.

टप्प्यांची नावंही बघा. "फीडर बनवणे" हा टप्पा नाही, ते काम आहे. टप्पा असा: "फीडर तासाला ४० ते १२० किलो चिपाड, ठरलेल्या दराच्या १० टक्क्यांच्या आत, चार तास न अडकता देतो." चिपाड लांब धाग्यांचं असतं, स्क्रूला गुंडाळतं आणि हॉपरमध्ये कमान धरून बसतं. तुमच्या शेडमधला नमुना कोरड्या, बारीक चिपाडावर चालत असेल, तर २५ टक्के ओलाव्याच्या लांब चिपाडावर चालवून बघा आणि जो आकडा येईल तो धोक्यांच्या पानावर लिहा. पर्यायही तिथेच सांगा: स्क्रू अडकला तर ढकलदांडीचा फीडर, तोही जमला नाही तर चिपाड आधी कापणारा कटर, आणि त्याला लागणारी वीज बचतीतून वजा. सिंगल फेजवर तो कटर चालेल का हेही आत्ताच बघून ठेवा, गावाकडे तीन फेज दिवसाचे ठरावीक तासच असते.

तंत्रज्ञान सज्जतेची पातळी (टीआरएल, १ ते ९) आज ३ लिहा, प्रकल्पाअखेर ६. शेडमध्ये चालतो म्हणून ५ लिहायचा मोह होईल. पण काहिलीखाली, धुरात, खऱ्या आधणावर तो अजून एकदाही चाललेला नाही.